रंगाची वाटी आणि काचेची पाटी

दिवाळी अंक हाती पडला की आपण प्रथम काय करतो? अनुक्रमणिका उघडतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आपण मुखपृष्ठ पाहतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी अंकाची जागा कायमची ठरून गेली. तेव्हापासून फराळ कोणी केला आणि मुखपृष्ठ कोणी केले, हे दोन्ही प्रश्न सारख्याच आस्थेने विचारले जात आले आहेत. आमच्या लहानपणी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत या दुसऱ्या प्रश्नावरून उघड दोन तट पडत. दीनानाथ दलालांची रेषा मानणारे एका बाजूला, रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांची गुळगुळीत, तेजाळ कांती मानणारे दुसऱ्या बाजूला. दहा बाय बाराच्या खोलीत हा वाद चकलीच्या साक्षीने रंगे, आणि अंक मात्र वाचनालयाचा, म्हणजे तीन दिवसांत परत करायचा असे.

आता मुखपृष्ठे पाटीवर होतात. पाटी काचेची, लेखणी प्लास्टिकची, आणि रंग? रंग नाहीच, असतो तो उजेड. मी स्वतः जे.जे.त कागद भिजवून, फळीला ताणून, तीन वाट्या पाण्याच्या आणि सात वाट्या रंगाच्या मांडून चित्र काढायला शिकलेला मनुष्य. पंचवीस-तीस वर्षे झाली, मी या काचेच्या पाटीवर काढतो आहे. आणि इतकी वर्षे एकच प्रश्न पुनःपुन्हा ऐकतो आहे. लग्नकार्यात भेटलेले गृहस्थ चित्राकडे पाहतात, मान डोलावतात आणि हळूच विचारतात, “हे तुम्ही काढलंत, की कॉम्प्युटरनं?”

प्रश्नात वाईट काही नाही. पण तो नवाही नाही. या मुंबईत तो एकशेतीस वर्षे विचारला जातो आहे, फक्त यंत्राचे नाव बदलते. ती हकिकत एकदा सलग सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

आरंभ गिरगावात होतो. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी तेथे शिळाछापखाना काढला. त्या वेळी ते पंचेचाळिशीत होते, संस्थानिकांच्या दरबारांत त्यांच्या तैलचित्रांना मान होता, पैसा होता. अशा चित्रकाराने जर्मनीहून यंत्रे मागवावीत, जर्मन कारागीर आणावेत आणि आपली लक्ष्मी-सरस्वती हजारांनी छापून बाजारात सोडावी, हा त्या काळच्या जाणकारांना प्रमादच वाटला. छापलेले चित्र ते चित्र कसले? परंतु ज्या घरात भिंतीला चुन्याचा हातसुद्धा जेमतेम लागे, तेथे हा कागद चौकटीत बसून देव्हाऱ्यावर गेला. देवळात शिरायची ज्यांना बंदी होती, त्यांच्याही भिंतीवर देव आले.

आता या ‘यंत्रा’चे पोट जरा उघडून पाहा. एकेका रंगासाठी एकेक दगड लागे. मूळ तैलचित्र पुढे ठेवून कारागीर त्या दगडावर चरबीयुक्त खडूने, ठिपक्या-ठिपक्यांनी, हाताने तो रंग तेवढा काढी. पिवळ्याचा दगड वेगळा, गुलाबीचा वेगळा, निळ्याचा वेगळा. चित्र जितके नाजूक तितके दगड अधिक. सारे दगड एकाच कागदावर तंतोतंत एकावर एक पडले तर देवी हसे, केसभर सरकले तर तिला दोन नाके येत. म्हणजे यंत्राने काढले म्हणतात ते चित्र मुळात एका हाताने रंगवलेले आणि पुढे अनेक हातांनी पुन्हा काढलेले असे. पहिल्या हाताचे नाव छापले गेले, बाकीच्यांचे नाही. छापखाना पुढे मळवलीला गेला आणि थोड्याच वर्षांत रविवर्म्यांनी तो आपले जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकून टाकला. यंत्र आणले चित्रकाराने, ते राहिले मात्र यंत्र जाणणाऱ्याकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच छापखान्याच्या कामात काही काळ एक त्र्यंबकेश्वरचे गृहस्थ होते, धुंडिराज गोविंद फाळके. त्यांना आपण सिनेमाचे जनक म्हणतो आणि ते जे.जे.त चित्रकला शिकले होते हे विसरतो. जे.जे.नंतर बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण, मग शिळाछाप, मग १९०९ साली रंगीत छपाई पाहायला थेट जर्मनी. १९१३च्या ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा फाळके यांनी चित्रकला सोडली असे कोणी म्हटले असेल तर ते चूक होते. त्यांचे चित्र चालू लागले होते, इतकेच. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री तर ‘पेंटर’ हेच आडनाव लावून सिनेमात शिरले. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस. कॅमेरा परदेशातून मिळेना म्हणून तो घरीच घडवला. १९२०ची ‘सैरंध्री’ त्या स्वदेशी कॅमेऱ्याची. आणि बोळक्यात ब्रश बुडवायची सवय सुटली नव्हती, म्हणून आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतःच रंगवीत.

दलाल-मुळगावकरांची पिढी आली ती ब्लॉकांच्या काळात. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. मूळ चित्राचे वेगवेगळ्या रंगीत काचांतून फोटो घेऊन पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार ठसे करायचे आणि एकावर एक छापायचे. आपला कोणता निळा ठशात मरतो आणि कोणता जगतो हे या मंडळींना पाठ असे, आणि ते जाणूनच ती मूळ चित्र रंगवीत. मुळगावकरांनी तर तोंडाने वा पंपाने रंगाचे तुषार उडवण्याचे तंत्र असे आत्मसात केले की कांतीवर कुंचल्याचा फराटा दिसेना. तेव्हाही काही कलासमीक्षक नाके मुरडीतच होते. मुरडोत बापडे! घरोघरच्या भिंतींनी निकाल दिला होता.

येथवरची गोष्ट ऐकून चित्रकार आणि यंत्र यांचे सूत छान जमते असे कोणालाही वाटेल. पण रविवर्मा, फाळके, बाबूराव, दलाल ही सारी यंत्राकडे आपल्या पायांनी चालत गेलेली माणसे. यंत्र ज्यांच्या अंगावर चालून आले त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला आमच्या चाळीतूनच सांगितली पाहिजे.

वरळीला बी.डी.डी.च्या चाळी एकशेएकवीस. १९२०च्या दशकात मुंबई विकास खात्याने त्या बांधल्या. तळमजला धरून चार मजले, मधून बोगद्यासारखी ओसरी, दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. बहुतेक बिऱ्हाडे गिरणीतली; साच्यावर, बॉबिनवर, कुठे रंगखात्यात. आमच्या मजल्यावर मात्र एक बिऱ्हाड सिनेमाचे होते. त्यांना सारे पेंटरकाका म्हणत. भारतमाता, प्लाझा, हिंदमाता असल्या थिएटरांवर जे अवाढव्य फलक चढत, ते रंगवणाऱ्या एका कारखान्यात ते चेहऱ्यांचे उस्ताद होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. सुटीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जाई आणि परतायचे विसरून जाई.

तो कारभार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. निर्मात्याकडून पोस्टकार्डाएवढे दोन-चार फोटो येत. काका त्यांवर पेन्सिलीने चौकटी आखीत आणि पुढे ताणलेल्या मांजरपाटावर त्याच चौकटी कोळशाने माखलेल्या दोरीने, टणकन् सोडून, उमटवीत. इकडचा एक इंच म्हणजे तिकडचे दोन फूट. कापडाला सरस आणि पांढरीचा हात आधीच बसलेला. रंग डबाबंद नसत. पोत्यातली भुकटी अळशीच्या तेलात घोटून बालदीतच तयार होई. एक गडी सपाट रंग भरी, एक गडी फक्त अक्षरे काढी, आणि चेहरा आला की सारे बाजूला होत. काका चार इंची ब्रश घेऊन उभे राहत. गालावर गुलाबी, त्याच्या कडेला चक्क हिरवा, कपाळाच्या सावलीत निळा. जवळून पाहिले तर काही म्हणजे काही दिसत नसे, नुसते तुकडे. आणि लांब जायला शेडमध्ये जागा कुठली? फलक दहा-दहा फुटांच्या तुकड्यांत रंगे. डोळा एका तुकड्यावर, नाक दुसऱ्यावर. पुरता चेहरा काकांना स्वतःलाही दिसे तो गुरुवारी रात्री, हातगाडीवरून तुकडे जाऊन परातीवर जोडले गेले म्हणजे. तोवर तो चेहरा त्यांच्या डोक्यात असे.

चित्रपट उतरला की फलक परत येई, त्यावर पांढरा हात फिरे आणि त्याच कापडावर नवा नायक चढे. एकेका कापडाच्या पोटात कितीतरी नायक एकमेकांच्या मांडीवर बसलेले असत. मकबूल फिदा हुसेन यांच्यासारख्या चित्रकारानेही उमेदवारीच्या काळात याच मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले होते. पण ते पुढे निघून गेले. काकांसारखे शेकडो तेथेच राहिले. त्यांनी जे.जे. बाहेरूनही पाहिले नव्हते. पण पद्धतशीर शिक्षण म्हणाल तर त्यांचेच अधिक कडक होते. पहिली दोन वर्षे बालद्या धुणे, पुढली दोन दोरी मारणे, मग अक्षरे, मग कपडे, मग हात, आणि सर्वांत शेवटी चेहरा.

१९७२च्या २ ऑक्टोबरला आमच्या वरळीतून मुंबई दूरदर्शन सुरू झाले. मनोरा तर चाळीच्या गच्चीवरून दिसे, तरी पडदा पाहायला मात्र एका सुखवस्तू बिऱ्हाडाच्या दारात पन्नास चपला सोडाव्या लागत. स्मिता पाटील बातम्या वाचीत तो काळ. लोक बातम्या ऐकत आणि काका अक्षरे पाहत. “हे ब्रशनं काढलंय,” ते म्हणत, “बघ, ‘क’चा गोळा किंचित ओला राहिलाय.” खरेच होते. दूरचित्रवाणीवर तेव्हा शीर्षके हातीच काढावी लागत. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने अक्षरे काढायची, पुठ्ठा घोडीवर ठेवायचा आणि त्यावर कॅमेरा रोखायचा. नावे वर सरकायची असतील तर लांब कागदी पट्टा रुळावर गुंडाळून हाताने फिरवायचा. मला वाटते, काचेवर उमटण्यासाठी म्हणून चित्र काढणारे आपल्याकडचे पहिले चितारी हेच. पुढे यंत्राने अक्षरे उमटवायची सोय झाली आणि पुठ्ठे माळ्यावर गेले.

एव्हाना जगात काचेवर थेट रेघ ओढण्याची विद्या सुरू होऊन दशक लोटले होते. अमेरिकेत इव्हान सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ साली प्रकाशाच्या लेखणीने संगणकाच्या पडद्यावर आकृती काढून दाखवली. पण तो इंजिनिअर. आपल्या गोष्टीला हवा चित्रकार, आणि तोही होता. हॅरॉल्ड कोहेन, जन्म १९२८, इंग्लंडातला नावाजलेला रंगकर्मी. व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात १९६६ साली आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून मिरवून आला, १९६८ साली कॅलिफोर्नियात गेला आणि चाळिशीत संगणकाची भाषा शिकायला बसला. पुढची सारी हयात त्याने ‘आरॉन’ नावाची एक आज्ञावली लिहिण्यात घालवली. आज्ञावलीने चित्र काढावे आणि गुरूने ते तपासावे!

योगायोग असा की त्याच १९२८ सालचा एक जे.जे.चा विद्यार्थी मुंबईत त्याच सुमारास रेघांचे गणित मांडीत होता. अकबर पदमसी. नेहरू फेलोशिपच्या पैशांतून त्यांनी नेपियन सी रोडवर चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांची एक सामायिक कार्यशाळा चालवली आणि शेकडो रेखाटनांतून ‘सिझिगी’ नावाचा लघुपट केला. त्यात गोष्ट नाही, माणूस नाही; नियम घालून दिलेल्या रेघा तेवढ्या हलतात. संगणक त्यांच्या हाती नव्हता, पण बुद्धी त्या वाटेने चालली होती. पुढे उतारवयात संगणक आला, तेव्हा त्यावर केलेल्या चित्रांना त्यांनी ‘कॉम्प्युग्राफिक्स’ असे नाव दिले. त्यांच्या धूसर ‘मेटास्केप’ची किंमत लिलावात कोटींनी होते आणि या संगणकी चित्रांची आठवण थोड्यांनाच असते. बाजाराला तेल आणि कॅनव्हास यांचा वास लागतो.

परंतु या साऱ्या कहाणीत मला जवळचा वाटतो तो मनुष्य चित्रांचा नव्हे, अक्षरांचा. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे आमच्या धंद्यातले र. कृ. जोशी. जन्म १९३६, शिक्षण जे.जे.त, आणि मग जवळजवळ दोन दशके उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक. हातात बोरू, डोक्यात कविता. बोरूच्या तिरक्या कापातून देवनागरीला जो जाड-बारीकपणा येतो, वेलांटी जी वळते, त्यावर त्यांचा जीव. जाहिरातीत हयात सुखाने गेली असती. पण १९८३ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी, ते पवईच्या आय.आय.टी.त शिकवायला गेले आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गणितज्ञांच्या मांडीला मांडी लावून बसले.

अडचण काय होती ते सांगतो. संगणक हे रोमन लिपीचे अपत्य. त्याला माहीत असे की एक कळ दाबली की एक अक्षर, त्याच्या उजवीकडे दुसरे, आणि संपले. आपली लिपी तशी सरळ नाही. पहिली वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर पुढे बसते. रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर उडी मारतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची मूळ रूपे ओळखूही येत नाहीत. वर मात्रा, खाली उकार, आणि सगळ्यांवरून एक अखंड शिरोरेघ. शिवाय त्या काळचा पडदा म्हणजे जाड चौकोनी ठिपक्यांची जाळी. बारीक रेघ तिच्यात हरवते आणि जाड रेघ पोटातली मोकळी जागा गिळून टाकते. यंत्रवाल्यांचा सल्ला बहुधा असा असे की लिपीच थोडी सोपी करा. जोशींनी यंत्राला लिपी शिकवली. कोणत्या दोन अक्षरांची गाठ पडली म्हणजे कोणता आकार उमटावा, मात्रा कोठे चढावी, ठिपक्यांच्या जाळीत कोणता ठिपका राखावा आणि कोणता सोडावा, हे एकेका अक्षरागणिक ठरवावे लागले. त्या केंद्रातल्या कामातून मायक्रोसॉफ्टसाठी जे देवनागरी वळण तयार झाले त्याचे नाव ‘मंगल’. २००० साली विंडोजबरोबर ते जगभर गेले. तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती अशा इतर लिप्यांचीही वळणे त्याच परिश्रमातून आली.

आता हिशेब करा. या पंचवीस वर्षांत ज्याने कधी संगणकावर मराठीतून अर्ज लिहिला, मुलीचे स्थळ कळवले, सोसायटीची नोटीस काढली, त्याने बहुधा ‘मंगल’मध्ये लिहिले. लेखनिकाचे नाव कोणी विचारले नाही. २००८च्या फेब्रुवारीत जोशी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. बोरू धरणाऱ्या एका हाताचे वळण त्या दिवशी कोट्यवधी पडद्यांवर होते. ‘हे तुम्ही काढलंत की कॉम्प्युटरनं?’ या प्रश्नाला माझ्या मते याहून सरळ उत्तर नाही.

माझी कथा याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण शिकताना काय होते ते सांगण्यापुरती सांगतो. १९९६च्या सुमारास मी पहिल्यांदा पडद्यापुढे बसलो. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, हे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेपासून हाडात मुरलेले. पडद्यावर रंग उजेडाचे, त्यांचे सोयरसंबंधच निराळे. तांबडा आणि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा होतो! वाटीतले सगळे रंग एकत्र झाले तर गटारी करडा होतो. उजेडाचे एकत्र झाले तर शुभ्र. चाळिशीला टेकलेल्या माणसाला हे म्हणजे सासर-माहेर उलटेपालटे होण्यासारखे होते. पण त्याहून खोल गेला तो ‘मागे घे’ हा हुकूम. आमची मुंबईची खरी मिरास पारदर्शक जलरंगांची. सावळाराम हळदणकरांची ती समई घेतलेली तरुणी आठवा, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली, जिला अर्धा हिंदुस्थान अजून रविवर्म्याची समजतो. ते चित्र जलरंगातले आहे. जलरंगात उजेड लावता येत नाही, तो राखावा लागतो. कागद जेथे कोरा सोडला तेथे ज्योत. एकदा रंग पडला की पडला. त्या धाकाने हाताला एक निश्चय येतो. काचेच्या पाटीवर तो धाक नाही. कळ दाबली की फराटा नाहीसा, पुन्हा दाबली की त्याच्या आधीचाही नाहीसा. नवीन मुलांना याचे कौतुक वाटते. मी मात्र पहिले वर्षभर ती कळ कागदाची पट्टी चिकटवून झाकून ठेवली होती. लोक हसत. पण हात शाबूत राहिला तो त्या पट्टीमुळे, असे माझे मत आहे.

आता काकांकडे येतो.

१९८२च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आमच्या मजल्यावरच्या बाप्ये मंडळींनी दिवसा घरी बसायला सुरुवात केली तेव्हा काका एकटेच सकाळी डबा घेऊन निघत, आणि त्यांना त्याची लाज वाटे. “आमचं काम मशीनला जमणारं नाही,” असे ते अभिमानाने नव्हे, अपराध्यासारखे सांगत. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी मशीन आले. चार शायांची फवारणी करणारे, थानासारखे प्लास्टिकचे कापड गिळणारे. फोटो संगणकात घालायचा, फुटांचा आकडा टाकायचा, तासा-दोन तासांत चाळीस फुटी नायक गुंडाळून खांद्यावर. दर चौरस फुटावर. काकांच्या शेडमध्ये चेहऱ्याचा दर वेगळा आणि आभाळाचा वेगळा होता. मशीनला नाक आणि आभाळ सारखेच. नव्या शतकाची पहिली काही वर्षे उलटली तोवर मुंबईतली हाती रंगवलेली फलकबाजी जवळजवळ संपली होती. त्या छपाईच्या धंद्यात चेहऱ्यांचा उस्ताद कोणालाच नको होता. नको होता असेही नाही. त्याला विचारावे हे कोणाच्या मनातच आले नाही. यंत्र ज्याचे होते तो व्यापारी होता.

काका मग नंबरपट्ट्या लिहीत, गणपतीच्या मंडपाचे पडदे रंगवीत, कोळीवाड्यात होड्यांची नावे घालीत. एकदा वरळी नाक्यावर एका नव्या फलकाखाली ते मला भेटले. तोंड वर करून बराच वेळ पाहत होते. मी म्हटले, “काका, कसं काय वाटतं?”

“छपाई बेस आहे रे. पण हा कुठं बघतोय?”

“कोण?”

“हीरो. बघ की. बसवाल्याला दिसत नाही, रस्त्यावरच्याला दिसत नाही. समोरच्या तिसऱ्या माळ्यावर बघतोय. फोटोत कॅमेऱ्याकडे बघत होता, तसाच मोठा केला. आम्ही बुबुळ खाली घ्यायचो. दोन बोटं. आणि कपाळ थोडं कमी, हनुवटी जास्त. खालनं बघणार ना लोक!”

मी दहा वर्षे संगणकावर जाहिरातींची चित्रे करीत होतो आणि हे मला ठाऊक नव्हते. जे.जे.त कोणी शिकवले नव्हते, आज्ञावलीच्या जाडजूड पुस्तकात नव्हते. त्या दिवसापासून उंच लागणारे चित्र असले की मी बुबुळे खाली घेतो. काचेच्या पाटीवर ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. गिऱ्हाइके म्हणतात, तुमच्या चित्रातला माणूस आपल्याकडेच पाहतो बुवा! या एका वाक्याचे मला आजवर जेवढे पैसे मिळाले, त्यांतला काकांचा वाटा कोणत्या दराने काढायचा ते मला अजून उमगलेले नाही.

काचेच्या पाटीच्या आज्ञावलीत एक सोय असते. कोणत्याही खऱ्या कुंचल्याचा ठसा कागदावर घेऊन, तो यंत्रात उतरवून, त्याचा नवा कुंचला बनवता येतो. मग लेखणी टेकवली की तोच फराटा उमटतो. दाब वाढवला की रुंद, कमी केला की सुका, खरखरीत. एका दिवाळीच्या सुटीत मी जाड कागदाची गुंडाळी आणि काळ्या शाईची बाटली घेऊन काकांच्या खोलीवर गेलो. त्यांचा तो चार इंची ब्रश माळ्यावर होता. केस एका अंगाने झिजलेले, कारण चाळीस वर्षे गाल उजवीकडून डावीकडेच ओढलेले. हात थरथरत होता, पण ब्रश पकडल्यावर तो थांबला. त्यांनी ठसे दिले. भरलेला, अर्धा, सुका, कडेवर उभा, झटका देऊन सोडलेला. वीस-बावीस कागद झाले. काकूंनी ते सुकायला खाटेवर मांडले आणि आम्हाला चहा उभ्यानेच प्यावा लागला.

आठवड्याने मी पाटी घेऊन गेलो आणि ती काकांच्या मांडीवर ठेवली. प्लास्टिकची लेखणी त्यांनी उलटसुलट करून पाहिली, चुकून एकदा चहाच्या बशीच्या कडेवर निथळलीही. मग काचेवर एक गाल ओढला. गुलाबी, कडेला हिरवा. झिजलेल्या अंगाचा ओरखडा जसाच्या तसा आला. ते पाटी हातभर लांब धरून पाहत राहिले. शेडमध्ये हे कधी जमत नसे.

“जपून ठेवायचा तर याला नाव द्यावं लागतं, काका,” मी म्हणालो. “तुमचं नाव घालू?”

“माझं कशाला? ब्रशला माणसाचं नाव असतं का कधी?” ते म्हणाले. “चार इंची लिही. आणि उजवीकडनं झिजलेला आहे, तेही लिही. दुसऱ्या कुणी घेतला तर त्याला कळायला पाहिजे.”